पेढीवरून कायदेकौन्सिलात



गिरगावच्या मोठ्या रस्त्याला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे. नाना चौक तर सर्वांच्या तोंडी आहे. पण नाना म्हणजे कोण, असे विचारले तर 'एक धनिक' यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही. आज आम्ही त्या उत्तरात थोडी भर घालणार आहोत.

1803 साली मुरबाडला जन्मलेल्या नानांकडे वडिलांच्या मृत्यूनंतर, ऐन एकोणिसाव्या वर्षी, पेढीचा भार आला. व्यापारात पत हेच खरे भांडवल, हे ते तिथे शिकले. आणि ती पत त्यांनी लोककार्यात गुंतवली. शाळांसाठी ते झटले. मुलींच्या शाळेला त्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली, त्या खटपटीतही ते होते. 1852 साली बॉम्बे असोसिएशन निघाली, तिचे ते अध्यक्ष. राज्यकारभारात एतद्देशीयांना वाटा मिळावा, असा अर्ज तिने थेट पार्लमेंटकडे धाडला.

पुढे 1857 च्या धामधुमीत याच नानांवर संशय घेतला गेला. पुरावा मिळाला नाही. आणि 1861 च्या कायद्यान्वये 1862 साली त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदेकौन्सिलात नेमले! संशय आणि सन्मान यांत पाच वर्षांचेच अंतर.

मात्र ती खुर्ची फार मोठी होती असे समजू नका. सभासदाने पुढे आलेल्या कायद्यावर बोलावे, एवढेच. सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क नव्हता, अंदाजपत्रकावर चर्चा नव्हती. निवडणूक तर नव्हतीच. सरकार नेमील तो सभासद. 31 जुलै 1865 रोजी नाना वारले. म्हणजे खुर्ची जेमतेम तीन वर्षांची.

आता हिशेब मांडा. आधी चाळीस वर्षांचे काम आणि मग तीन वर्षांची खुर्ची. आपल्याला मताचा हक्क आहे, जो त्या काळच्या गिरगावकराला नव्हता. तेव्हा जो कोणी मत मागायला दारी येईल, त्याला आपण एवढेच विचारावे: बाबा रे, खुर्चीच्या आधीची तुझी वर्षे कुठे आहेत?

नानांच्या चोपडीत ती पाने भरलेली होती. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.