मुष्टिफंडाची मूठ



पोर्तुगीज अमदानीत, १९०८ साली, पणजीत मुष्टिफंड संस्था उभी राहिली ती घरोघरी बाजूला काढलेल्या मूठभर तांदळावर. त्या मुठीने मराठी शाळा जगवली. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. परंतु भूमितीची कंपासपेटी, विज्ञानाची प्रयोगवही यांची खरी निकड नववी-दहावीतच भासते. कंपास नसलेला विद्यार्थी शेजाऱ्याच्या कंपासची वाट पाहतो आणि त्याची आकृती अपुरी राहते. म्हणून शाळा सुरू होताच देवस्थानाने हे साहित्य मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करावे. उत्सवाच्या व्यासपीठावर नावे पुकारून वाटू नये. घेणाऱ्याची मान खाली जाईल ते दान कसले? झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण दानालाही लागू पडते.