तीस सेकंदांची मुदत

तलासरीच्या एका कार्यालयात मी दाखल्यासाठी रांगेत होतो. पहाटे गेलेली वीज आली, यंत्रं सुरू झाली, तरी खिडकीवर उत्तर एकच, "सर्व्हर डाऊन." माझ्यापुढची बाई मजुरी बुडवून तिसऱ्यांदा आली होती.

डहाणूत संगणक दुरुस्त करणाऱ्या भाच्याला विचारलं. म्हणाला, "मामू, वीज गेल्यावर सर्व्हर बहुधा मेलेला नसतो, त्याला उशीर झालेला असतो." विंडोज प्रत्येक सेवेला, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामला, 'मी आलो' असं कळवायला 30 सेकंद देतं. तेवढ्यात ओ आली नाही की सेवा गैरहजर! नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 7009 आणि 7000 हे आकडे पडतात. लिनक्सचं सिस्टिमडी साधारण 90 सेकंद थांबतं. तेवढं जास्त सोशिक. वीज आली की सगळ्या सेवा एकदम उठतात, डिस्कवर झुंबड उडते, आणि डेटाबेस जागा होण्याआधीच कुणीतरी त्याचं दार ठोठावतं.

उपाय? आधी नोंद वाचायची. मग सेवा हातानं सुरू करून पाहायची. झाली, तर दोष बहुतेक वेळेचा. तिला 'डिलेड स्टार्ट' द्यायचा किंवा ती कुणावर अवलंबून आहे ते मशीनला सांगून ठेवायचं. रजिस्ट्रीत 'सर्व्हिसेस पाइप टाइमआउट' 60000 मिलिसेकंद करून मशीन पुन्हा सुरू करता येतं. लोक नेमकं हेच आधी करतात. डेटाबेसच बिघडला असेल, तर नुसती वाट बघणं लांबतं.

हातानं सुरू करायला दोन मिनिटं पुरतात, भाचा म्हणाला. त्या दिवशी ते कुणी केलं नाही. बाई दुपारच्या एसटीनं परत गेली.