अहमदनगरची चांद सुलताना

पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहीं एक फारसी पोथी आहे. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हें तिचें नांव. आफताबी नांवाच्या कवीनें अहमदनगरच्या हुसेन निजामशहाचें गुणवर्णन तींत केलें असून, विजयनगरच्या सैन्यावर १५६५ मध्यें मिळविलेल्या विजयाची कथाही तींत आहे. पोथींतील चित्रें दख्खनी चित्रकलेच्या आरंभकाळचीं म्हणून जाणकारांत फार मान्यता पावलेलीं आहेत. परंतु तीं पाहतांना एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. सुलतानाजवळ बसलेली त्याची राणी खुंजा हुमायून हिची आकृति बहुतेक ठिकाणीं कोणी तरी मुद्दाम पुसून टाकली आहे.

या राणीचा अपराध कोणता? पति वारल्यावर तिनें अल्पवयी पुत्र मुर्तजा याच्या नांवें राज्य चालविलें, एवढाच. १५६९ मध्यें त्या पुत्रानेंच तिला कैदेंत टाकिलें. तिच्या आकृति त्यानंतर पुसल्या गेल्या असाव्या, असें विद्वानांचें अनुमान आहे. चांदबीबी ही याच राणीची कन्या. राज्य संभाळणाऱ्या स्त्रीच्या वांट्याला काय येतें, याचा पहिला धडा तिला माहेरींच मिळाला होता.

स्त्रीनें कारभारांत पडूं नये, असें दरबारी मंडळींना वाटे. पण इस्लामच्या इतिहासाचा आरंभ तसें सांगत नाहीं. हजरत खदीजा या मक्केंतील प्रतिष्ठित व्यापारी होत्या, आणि त्यांच्याच मालाचा काफिला घेऊन तरुण महंमद पैगंबर शाम देशास गेले होते. हजरत आयेशा इ. स. ६५६ मध्यें बसऱ्याजवळच्या लढाईंत उंटावरील हौद्यांत बसून सैन्याबरोबर हजर होत्या. इ. स. ६८० मध्यें करबलेच्या मैदानांत इमाम हुसेन धारातीर्थीं पडले, तेव्हां त्यांच्या भगिनी हजरत जैनब यांनीं आजारी भाच्याला पाठीशीं घालून त्याचे प्राण वांचविले व पुढें दमास्कसच्या दरबारांत यजीदास निर्भयपणें खडसाविलें. निजामशाही घराण्यानें सोळाव्या शतकांत शिया पंथ स्वीकारला होता. अर्थात् हजरत जैनब यांची कथा अहमदनगरच्या राजवाड्यांत दर मोहरमांत ऐकूं येत असली पाहिजे.

चांदबीबीचा जन्म १५५० च्या सुमारास झाला. त्या काळीं राजघराण्यांतील लग्न म्हणजे तहाचें एक कलमच असे. विजयनगरविरुद्ध सुलतानांचा एकोपा ठरला, त्यांत तिचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशीं झाला, आणि ज्या सोलापूरच्या किल्ल्यासाठीं उभय घराणीं वर्षानुवर्षें लढलीं होतीं तो आंदण म्हणून देण्यांत आला. अरबी, फारसी व तुर्की यांबरोबर तिला मराठी आणि कानडीही चांगली येत असे, असें सांगतात. विजापुरांतील चांदबावडी तिच्याच नांवानें ओळखली जाते.

१५८० मध्यें अली आदिलशहाचा खून झाला. त्याला पुत्र नव्हता. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम तख्तावर बसला, आणि त्याच्या संगोपनाचा भार चांदबीबीवर आला. कामिलखान, किश्वरखान असे एकामागून एक सरदार सर्व सत्ता बळकावूं लागले. किश्वरखानानें तर तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर बंदींत ठेविलें. पुढें हबशी सरदारांनीं त्याला पळवून लाविलें, तेव्हां तिची सुटका झाली. हाच इब्राहिम पुढें संगीताचा व विद्येचा थोर आश्रयदाता म्हणून प्रसिद्धीस आला.

ज्या परीक्षेनें तिचें नांव अमर केलें, ती मात्र माहेरींच व्हावयाची होती. १५९५ मध्यें तिचा भाऊ बुऱ्हाण निजामशहा वारला आणि थोड्याच महिन्यांत त्याचा मुलगा इब्राहिम लढाईंत पडला. तख्ताचा खरा वारस बहादूर हा अगदीं लहान मूल होता. दरबारांत तट पडले. मियान मंजू नांवाच्या वजिरानें राजघराण्याशीं संबंध संशयित असलेल्या एका मुलाला गादीवर बसविलें, आणि प्रतिपक्ष भारी होतो असें पाहून गुजरातेंत असलेल्या अकबरपुत्र मुरादला मदतीस बोलाविलें. घरच्या भांडणांत परक्याला हाक मारावी आणि मग पश्चात्ताप करीत बसावें, अशांतलाच हा प्रकार झाला. मोगल फौज अहमदनगरापुढें येऊन ठेपली, तेव्हां किल्ल्याची जबाबदारी उचलावयास चांदबीबी पुढें झाली.

डिसेंबर १५९५ मध्यें वेढा पडला. मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम यांच्यांत चुरस होती. तरी त्यांचें बळ मोठें होतें. मोगलांनीं तटाखालीं सुरुंग खणले. त्यांच्याच छावणींतील एकानें ही बातमी किल्ल्यांत पोंचविली, तेव्हां आंतून उलट खणून कांहीं सुरुंग निकामी करण्यांत आले. पण एक उडालाच. तटाला मोठें खिंडार पडलें आणि लोक जागा सोडून पळूं लागले. त्या क्षणीं अंगांत चिलखत, तोंडावर बुरखा व हातांत नागवी तलवार अशी चांदबीबी खिंडाराच्या तोंडाशीं येऊन उभी राहिली. पळणारे माघारी फिरले. अंधार पडेपर्यंत मोगलांचे हल्ले परतविण्यांत आले, आणि रात्रभर स्वतः उभी राहून तिनें तें खिंडार बुजवून घेतलें. दारूगोळा संपतां तिनें तोफांत तांब्याचीं, रुप्याचीं आणि शेवटीं सोन्याचीं नाणीं भरलीं, असें लोककथा सांगते.

विजापूरची कुमक जवळ येत होती, आणि मोगलांच्या छावणींत धान्याची टंचाई पडली होती. १५९६ च्या आरंभीं तह झाला. वऱ्हाड प्रांत गेला. पण बहादूरचें राज्य मान्य झालें. वऱ्हाड देणें तिला सुखाचें नव्हतें. परंतु काय राखावें व काय सोडावें हें तिला कळत होतें. लोक तिला आतां ‘चांद सुलताना’ म्हणूं लागले.

हें यश दरबाऱ्यांना पेललें नाहीं. पुन्हां तट पडले, पुन्हां मोगलांकडे संधान बांधलें गेलें. १६०० मध्यें शहाजादा दानियल आणि खानखानान यांनीं किल्ल्याला दुसऱ्यांदा वेढा दिला. या वेळीं बाहेरून कुमक येण्याची आशा नव्हती, आणि आंत एकजूट नव्हती. चांदबीबीनें परिस्थिति ओळखली. किल्ला मोगलांच्या हवालीं करावा, त्याबदलीं सर्वांच्या जीविताची हमी घ्यावी, आणि बाल राजाला घेऊन जुन्नरकडे निघून जावें, असा विचार तिनें किल्ल्यांतील हमीदखान या अधिकाऱ्याजवळ बोलून दाखविला. तो तडक रस्त्यावर धांवत सुटला आणि बाई मोगलांना फितूर झाली असें ओरडूं लागला. खवळलेला जमाव महालांत घुसला. चार वर्षांपूर्वीं ज्या हातांनीं तिच्या शब्दासरशीं तट बांधला, त्यांसारख्याच हातांनीं तिचा वध केला.

तिला मारून किल्ला वांचला नाहीं. थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १६०० मध्यें, मोगल आंत शिरले. पुष्कळ शिबंदी कापली गेली, आणि बाल बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यांत झाली. तिचा सल्ला मानला असता तर हे प्राण आणि तो राजा, दोन्हीं वांचण्याचा संभव होता.

तो सल्ला भित्रेपणाचा नव्हता, हें पुढील इतिहासानेंच दाखविलें. मलिक अंबरानें निजामशाही वंशांतील दुसरा राजा उभा केला, कांहीं काळ जुन्नर हीच राजधानी केली आणि सह्याद्रीच्या आश्रयानें १६२६ पर्यंत मोगलांना दाद दिली नाहीं. त्यानंतर शहाजीराजांनींही १६३३ मध्यें एका बाल निजामशहाला पेमगिरीस गादीवर बसवून तोच मार्ग धरला, व १६३६ पर्यंत तें राज्य तगलें. किल्ला गेला तरी चालेल, राजा व राज्याचें नांव राहिलें पाहिजे, हा चांदबीबीचा विचार होता.

अहमदनगरला आतां अहिल्यानगर हें नांव मिळालें आहे. शहराच्या पूर्वेस डोंगरावर तीन मजल्यांची एक दगडी इमारत दुरून दिसते. लोक तिला ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात. वास्तविक ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. चांदबीबीचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं. तरी त्या मुलुखांतला शेतकरी डोंगराकडे बोट करून तिचेंच नांव घेतो. दरबारानें तिच्या आईची आकृति चित्रांतून पुसली आणि तिला स्वतःला फितूर ठरविलें. लोकांनीं मात्र एका वजिराची कबर तिच्या नांवावर करून दिली आहे.