आधी फट मोजा, मग टेबल

(ऑडिओ भागाचं लेखी रूप. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच.)

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. घडीचं टेबल. एक टेबल, चार पाय, दोन बिजागऱ्या, त्यावर अख्खा भाग कशाला? तर या टेबलाने माझे जवळजवळ चार महिने खाल्ले. आणि मी पोटासाठी करते ते काम ड्रॉइंगचंच, तळोज्याच्या एमआयडीसीत, लोखंडी स्ट्रक्चरची. म्हणजे जमायला हवं होतं.

आम्ही राहतो ओवेगावाजवळ, सिडकोच्या इमारतीत. एक खोली, एक स्वयंपाकघर. खोली १० फूट बाय ९ फूट. एका भिंतीला सासूबाईंचा दिवाण, समोर कपाट, मध्ये जी जमीन उरते तिच्यावर दिवसा सगळं आणि रात्री आमच्या गाद्या. अशा घरात राहणाऱ्यांना पुढचं सांगायची गरज नाही. खोलीत काहीही आणा, रात्री ते कुठे जाणार हा प्रश्न आधी येतो.

आम्ही जेवायला खाली बसायचो. मग आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी खाली बसणं बंद केलं. तेव्हापासून त्या दिवाणावर, ताट मांडीवर घेऊन, आणि आम्ही तिघं खाली. त्या म्हणायच्या, "माझं काय अडलंय? मी बसते की इथे." अडलं काहीच नव्हतं. पण हळूहळू त्या आमच्याआधी जेवायला लागल्या. "तुमचं होऊ दे निवांत." आठवडाभराने माझ्या लक्षात आलं की घरात दोन पंगती होतायत. टेबल तिथून सुरू झालं.

आपल्याकडे घडी घालून ठेवणं काही नवीन नाही. जुन्या घरात ओटीवर अंथरूण पसरायचं, सकाळी गुंडाळायचं. पाट जेवणापुरते मांडायचे, मग भिंतीला उभे. फर्निचरला स्वतःची कायमची जागा असावी ही कल्पनाच अलीकडची. पाटाचं मोठेपण कशात, तर तो एका हाताने उचलता येतो आणि उभा केला की चार बोटं जागा खातो. मला हवा होता गुडघे दुखणाऱ्या माणसासाठीचा पाट. ७४ सेंटीमीटर उंचीचा.

पहिला प्रयत्न भिंतीवरच्या फळीचा. तुम्ही पाहिली असेल, दोन घडीचे ब्रॅकेट, वर ४५ सेंटीमीटर रुंद फळी, काम झालं की खाली सोडायची. दिसायला सुंदर. लावली. तिसऱ्या दिवशी आई जेवून उठल्या, उठताना फळीच्या कडेवर दोन्ही हात टेकले, आणि वरचा प्लग प्लास्टरसकट बाहेर. आमटीत प्लास्टर.

चूक माझी होती, आणि चूक हिशोबाची होती. उठताना माणूस सहज ३० किलो भार हातांवर देतो. तो भिंतीपासून ४५ सेंटीमीटरवर. माझ्या ब्रॅकेटचा भिंतीवरचा उभा हात होता २० सेंटीमीटर. ३० गुणिले ४५ भागिले २०, म्हणजे वरच्या स्क्रूंना साडेसदुसष्ट किलोची ओढ, भिंतीतून बाहेरच्या दिशेने. आणि आमची ती मधली भिंत सायपोरेक्सची, त्यात साधा प्लास्टिकचा प्लग. धरेल कसा? उभा हात ४० सेंटीमीटरचा असता तर ओढ निम्मी झाली असती. फळी लावायचीच असेल तर हे लक्षात ठेवा: ब्रॅकेट जितका लांब खाली उतरेल तितकं बरं, आणि आधी भिंत कशाची आहे ते बघा. काँक्रीटची असेल तर ड्रिल मारणारा घामाघूम होईल, पण पुढे काळजी नाही.

तरी मी फळी परत लावली नाही. ती भिंत दिवाणापासून लांब होती. म्हणजे आईंनी उठून फळीपाशी जायचं, भिंतीकडे तोंड करून जेवायचं. पंगती दोनच राहिल्या असत्या.

मग बाजार पाहिला. नवी मुंबईत तुर्भ्याला २०२० च्या डिसेंबरात आयकिया सुरू झालं, तिथे नॉर्डेन नावाचं टेबल असतं. मिटल्यावर २६ सेंटीमीटर, एक बाजू उघडली की ८९, दोन्ही उघडल्या की १५२. मधल्या भागात खण. छान वस्तू आहे. त्याच घराण्यातलं त्याहून भारी म्हणजे ब्रुनो मॅटसन या स्वीडिश डिझायनरचं १९३६ चं 'मारिया'. मिटलेलं सुमारे २३ सेंटीमीटर, उघडलेलं २८० सेंटीमीटर. अख्खी पंगत बसेल. मी त्या टेबलाचे फोटो कितीतरी वेळ बघत बसले होते. पण ही दोन्ही टेबलं मिटली तरी जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभी राहतात. त्यांना वीसपंचवीस सेंटीमीटरची स्वतःची जागा लागते. आमच्याकडे तेवढी जमीन नव्हती, कारण त्या जमिनीवर गादी येते.

इथे मी उलट्या बाजूने सुरुवात केली. टेबल केवढं हवं हे बाजूला ठेवलं आणि टेप घेऊन घरातल्या फटी मोजल्या. दाराच्या मागे ५ सेंटीमीटर, पण मग दार पूर्ण उघडत नाही. दिवाणाखाली डबे आणि तांदूळ. फ्रिजच्या कडेला जागा होती, पण ती हवेसाठी सोडावी लागते. शेवटी सापडली ती कपाट आणि भिंत यांच्यामधली. ६ सेंटीमीटर रुंद, कपाट २४ इंची म्हणून साधारण ६० खोल, आणि उंचीला भरपूर. तिथे केरसुणी आणि छत्र्या राहायच्या.

झालं, टेबल ठरलं. रुंदी ६०, कारण फट तेवढीच खोल. लांबी १२०, कारण चार माणसांची ताटं कशीबशी मावतात आणि उभं केल्यावर हाताळता येतं. मिटल्यावरची जाडी ४ सेंटीमीटर, म्हणजे काढताना बोटं जायला २ उरतात. यातला एकही आकडा मी निवडला नाही. आमची दुसरी ओळखीची जात, मधोमध मिटणारं, सुटकेससारखं, ते इथेच बाद झालं. मिटल्यावर त्याची जाडी दुप्पट होते, आणि मधल्या सांध्यात भाताची शितं अडकतात ती वेगळीच.

आता पाय. नमुना म्हणून मी मांडववाल्याचं टेबल घेतलं. लग्नात कॅटरिंगला असतं ते, सहा फुटी, दोन्ही टोकांना पायांची चौकट, ती आत मिटते. साधं, दणकट. फक्त सहा फूट म्हणजे १८३ सेंटीमीटर. दोन्हीकडून ७२ सेंटीमीटरचे पाय आत आले तरी मध्ये जागा उरते, पाय एकमेकांना भेटतच नाहीत. माझं टेबल १२०. टोकापासून ५ सेंटीमीटर सोडून बिजागरी लावली तर एका बाजूचे पाय ५ पासून ७७ पर्यंत येणार, दुसऱ्या बाजूचे ११५ पासून ४३ पर्यंत. ४३ ते ७७ दोघांनाही तीच जागा हवी. एकावर एक ठेवले तर जाडी एका पाइपाने वाढते, आणि मग कुठले पाय आधी मिटायचे ते लक्षात ठेवावं लागतं. सत्तरीच्या माणसाला मी टेबलाची क्रमवारी पाठ करायला लावणार नव्हते.

उत्तर तसं सोपं आहे. एक चौकट रुंद, एक अरुंद. रुंद चौकट बाहेरून ५४ सेंटीमीटर, पाइप २० मिलिमीटरचा चौकोनी, म्हणजे आतून ५०. अरुंद चौकट बाहेरून ४८. ती हिच्या पोटात जाऊन बसते, दोन्हीकडे एकेक सेंटीमीटर सुटते. ड्रॉइंग काढलं, ओवेगावातल्या वेल्डिंगवाल्या दादांना दिलं, आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी त्यांचा फोन. "ताई, हे मिटतच नाही."

मी म्हटलं, मापं बघा. ते म्हणाले, "मापं तुमचीच आहेत. तुम्ही या आणि मिटवून दाखवा."

गेले. मिटत नव्हतं. पाय पोटात जात होते, पण पाय डगमगू नयेत म्हणून खाली जोडलेली आडवी पट्टी? रुंद चौकटीची आडवी पट्टी तिच्या तळाशी, म्हणजे मिटल्यावर बरोबर ७७ च्या जवळ, आणि तिथून अरुंद चौकटीचे दोन्ही पाय जातात. पट्टी त्यांच्यावर आडवी. मी टेबल बाजूने काढलं होतं, वरून काढलंच नव्हतं. वीस वर्षं ड्रॉइंग काढणाऱ्या बाईची ही गोष्ट आहे, कृपया ऑफिसात सांगू नका.

दादांनी उपाय लगेच सांगितला, "पट्टी वर घ्या." बस. अरुंद पाय ४३ च्या पुढे येतच नाहीत, मग रुंद चौकटीची पट्टी त्याच्या अलीकडे हवी. बिजागरीपासून ३२ सेंटीमीटरवर घेतली, म्हणजे मिटल्यावर ती ३७ वर पडते. कुणाच्या वाटेत नाही. अरुंद चौकटीची पट्टी तळाशीच राहिली, ती कुणाला आडवी जात नाही. आणि बक्षीस असं की आता क्रमच उरला नाही. कुठलेही पाय आधी मिटा, कुठलेही नंतर.

वरची फळी १२ मिलिमीटर प्लाय. १८ ची घ्या असं सगळे सांगतील. १२० बाय ६० चा १८ मिलिमीटर प्लायचा तुकडाच आठ किलोच्या वर जातो, १२ चा साडेपाचच्या आसपास. फरक कागदावर छोटा वाटतो, रोज दोनदा हलवताना नाही. सनमायका मात्र दोन्ही बाजूंनी लावा, खालून स्वस्तातला चालेल. एकाच बाजूला लावला तर पातळ फळी वाकते, आणि पनवेलच्या पावसाळ्यात तर नक्कीच. कडा उघड्या ठेवू नका. सगळं मिळून टेबल सव्वाअकरा किलो भरलं.

सव्वाअकरा किलो आई उचलणार नाहीत, आणि त्यांनी उचलूही नये. म्हणून फटीत ते उभं राहतं त्या आखूड कडेला बॅगेची दोन छोटी चाकं. ओढलं की बाहेर येतं. मग वरचे पाय उघडायचे, टेबल हळूच दिवाणाच्या बाजूला कलतं करायचं, ते पाय जमिनीला टेकले की दुसरं टोक उचलायचं आणि खालचे पाय सोडायचे. एका वेळी हातात निम्मंच वजन. पहिल्यांदा आईंनी केलं तेव्हा मी शेजारी उभी होते, हात पुढे करून. त्या म्हणाल्या, "तू बाजूला हो गं, मला कळतंय."

उघडणं जमलं. मिटणं नाही. पाय ताठ धरणारे जे स्टे असतात, मधोमध मोडणारे, ते मोडायला खालून बोट घालून दाबावं लागतं. आईंची बोटं तिथे पोचत नव्हती, पोचली तर चिमटायची. एकदा चांगलंच चिमटलं. मी महागातले स्प्रिंगचे खटके शोधत होते, तोवर आईंनी परकराची नाडी कापून दोन्ही स्टेना फास बांधला. नाडी ओढली की स्टे वर मोडतो. बोट आत घालायचं कामच नाही. ड्रॉइंगमध्ये मी नंतर ती नाडी दाखवली आहे.

एक काळजी राहिली होती, उठताना कडेवर भार देण्याची. पाय फळीच्या कडेपासून रुंद बाजूला ३ सेंटीमीटर आत, अरुंद बाजूला ६. जितके आत, तितकं पलटायला सोपं. म्हणून आई बसतात ती रुंद पायांची बाजू, असं मी घरात जाहीर केलंय. टेबल दिवाणाला लागून मांडतो, त्या जिथे बसायच्या तिथेच बसतात, आम्ही समोर. आखूड बाजूला कुणी बसायचं नाही, रुंद चौकटीची ती पट्टी गुडघ्यात येते.

आता तक्रार. मुलगी दहावीत आहे. जेवण झालं की टेबल तिचं, आणि ते रात्री ११ पर्यंत मिटत नाही. ज्या गादीसाठी मी सेंटीमीटर सेंटीमीटर वाचवले ती घालायची कुठे? गेल्या आठवड्यात नवऱ्याने गादी सरळ टेबलाखाली सरकवली. दोन चौकटींमध्ये ११० सेंटीमीटर आहेत, गादी ९० ची. वर मुलगी त्रिकोणमिती करतेय, आणि हा घोरतोय. हे माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हतं.

तुमच्या घरातली फट किती सेंटीमीटर आहे ते मोजून कळवा. पुढच्या भागात भेटू.