परत फिरणारा वाटाड्या



परभणीचा उन्हाळा म्हणजे दारेखिडक्या लावून बसण्याचा ऋतू. परंतु याच दिवसांत आपली मुले सह्याद्रीतील शिबिरांना, कोलाडच्या राफ्टिंगला जातात. वैशाखात इतर नद्या आटतात. कुंडलिका मात्र वाहते, कारण भिरा येथील वीजगृहातून सोडलेले पाणी तिला मिळते. तेव्हा तेथील वाटाड्याला नदीबरोबर वीजगृहाच्या वेळाही ठाऊक असाव्या लागतात.

त्याचा हंगाम पहिले गिऱ्हाईक येण्यापूर्वीच सुरू झालेला असतो. दोर वीतवीत हाताखालून घालायचा, झिजला असेल तर मोह न धरता बाद करायचा. गेल्या पावसाळ्यात ढासळलेली वाट स्वतः तुडवायची. टाक्यात पाणी उरले आहे की नाही, ते डोळ्यांनी पाहायचे.

१८२० साली माँ ब्लाँ पर्वतावर हिमलोट कोसळून तीन वाटाडे मेले. दुसऱ्याच वर्षी शामोनी गावच्या वाटाड्यांनी आपला संघ स्थापला व आपद्ग्रस्त कुटुंबांसाठी निधी उभारला. या धंद्याला शिस्त आली ती असे मोल देऊन. आपल्या राज्यानेही २०२१ च्या धोरणाने अशा संस्थांना पर्यटन संचालनालयाकडील नोंदणी आवश्यक केली आहे.

पैसे भरण्यापूर्वी ती नोंदणी विचाराच. पण आणखी एक प्रश्न विचारा : ‘‘गेल्या हंगामात आपण अर्ध्या वाटेवरून किती वेळा परत फिरलात?’’

‘‘एकदाही नाही,’’ असे जो अभिमानाने सांगेल, त्याच्या हाती आपले मूल देऊ नका.