नवा संच आणि डोळ्यांचा शीण

मुंबईचें दूरदर्शन-केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, त्या काळीं ज्याच्या घरीं संच असे त्याच्या ओटीवर सायंकाळीं शेजाऱ्यांची दाटी होई. चित्र काळें-पांढरें, पडदा लहान आणि कार्यक्रम थोडा वेळच चाले. आज पन्नास इंचांचा पडदा सामान्य गृहस्थाच्या भिंतीवर बसला आहे आणि तो मध्यरात्रींहि विसावा घेत नाहीं. संच पालटला, पण पाहणारा डोळा पूर्वींचाच राहिला. म्हणूनच नवा संच घरीं येऊन आठवडा लोटतो न लोटतो तोंच डोळे चुरचुरणें, पाणी येणें, कपाळ दुखणें, अक्षरें पुसट दिसणें अशा तक्रारी सुरू होतात. कोणी संचास दोष देतो, कोणी वयास. खरीं कारणें मात्र निराळीं असून त्यांतील पुष्कळशीं घरच्या घरीं दूर करतां येण्यासारखीं आहेत.

पहिलें कारण अंधार. सातारा जिल्ह्यांतील पांचगणी सुमारें ४,२०० फूट उंचीवर वसलेली आहे. मृग लागला कीं तेथें पाऊस आणि धुकें यांचें राज्य सुरू होतें, आणि दारें-खिडक्या लावलेल्या काळोख्या खोलींत सारें कुटुंब पडद्यासमोर बसतें. डोळ्याची बाहुली अंधारांत विस्फारते व उजेडांत आकसते. काळोखांत एकच झगझगीत चौकोन, आणि त्यांतील दृश्य क्षणांत लख्ख तर क्षणांत काळें, अशी स्थिति असली म्हणजे तिला सारखें लहानमोठें व्हावें लागतें. संचाच्या मागें किंवा बाजूस एक मंद दिवा ठेवला, कीं हा त्रास बराच हलका होतो. मात्र दिव्याचें वा खिडकीचें प्रतिबिंब पडद्यावर पडूं देऊं नये.

दुसरें कारण संचाची वाजवीपेक्षां अधिक उजळ मांडणी. दुकानांत दिव्यांचा लखलखाट असतो; तेथें चित्र उठून दिसावें म्हणून संचाचें तेज व रंग पुष्कळ चढे ठेवलेले असतात. तीच मांडणी घरांत कायम राहते, कारण ती बदलतां येते हेंच अनेकांस ठाऊक नसतें. संचाच्या सूचींत सौम्य चित्राचा पर्याय असतो, तो निवडावा. कांहीं संचांत तेज कमी करण्यासाठीं आंतील दिवे सेकंदास शेंकडों वेळां विझवून पेटविले जातात. डोळ्यांस तें जाणवत नाहीं, तथापि कित्येकांचें डोकें त्यामुळें दुखूं लागतें. अशा माणसानें तेज अगदीं तळास नेण्यापेक्षां खोलींत उजेड वाढवावा, हें बरें.

तिसरें कारण पापणी. मनुष्य एरवीं मिनिटास सुमारें पंधरा वेळां पापणी लववितो, आणि दर वेळीं बुबुळावर आसवांचा पातळ लेप फिरतो. दृष्टि पडद्यावर खिळली म्हणजे हें प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनहि खालीं येतें. लेप सुकतो, डोळ्यांत कचकच होते, आणि त्या कोरडेपणामुळेंच उलट पाणी वाहूं लागतें. थंडींतील कोरडी हवा किंवा तोंडावर येणारा पंख्याचा वारा यांनीं यांत भर पडते. पंख्याची दिशा बदलावी, मुद्दाम पापण्या मिटाव्या, आणि दर वीस मिनिटांनीं वीस सेकंद तरी वीस फुटांपलीकडे पाहावें. पांचगणीकरांस तर खिडकी उघडून धोम धरणाच्या पाण्याकडे दृष्टि टाकली तरी पुरे.

आतां अंतराविषयीं. जुन्या संचापासून पडद्याच्या उंचीच्या पांच-सहा पट दूर बसावें असें सांगत. नव्या संचाचें चित्र अधिक रेखीव असल्यामुळें सुमारें तिप्पट अंतर पुरतें. पन्नास इंच हें माप कोनापासून कोनापर्यंतचें असून अशा पडद्याची उंची सुमारें २५ इंच भरते. म्हणजे सहा-सात फुटांवर बैठक असावी. संच फार उंच टांगूं नये. मान वर करून पाहतांना डोळे अधिक उघडे राहतात आणि लवकर सुकतात. दुहेरी भिंगांचा चष्मा वापरणाराची तर अशा वेळीं फारच कुचंबणा होते. मान मागें टाकली कीं वाचनाचें भिंग डोळ्यांपुढें येतें आणि चित्र अस्पष्ट होतें.

दूरचित्रवाणीनें डोळे कायमचे जातात काय, ही भीति पुष्कळांस वाटते. तिला थोडा इतिहास आहे. १९६७ सालीं अमेरिकेंत कांहीं रंगीत संचांतून क्ष-किरण प्रमाणाबाहेर निघतात असें आढळलें व ते दुरुस्त करावे लागले. तो दोष जुन्या, प्रचंड विद्युद्दाबावर चालणाऱ्या संचांतला होता. आजच्या सपाट संचांत तसली चित्रनलिकाच नाहीं. पडद्यानें येणारा शीण सामान्यतः विश्रांतीनें जातो.

मग चिंता कशाची? चिंता ही, कीं संचावर सारा दोष टाकून खरें दुखणें लपून राहतें. चाळिशीनंतर जवळचें पुसट होतें, चष्म्याचा क्रमांक बदलतो, मोतीबिंदु धरूं लागतो. आणि गृहस्थ मात्र नव्या संचाच्या नांवानें बोटें मोडीत बसतो. दिव्याभोंवतीं इंद्रधनुष्यासारखीं वलयें दिसणें, डोळ्यांत तीव्र कळ येणें, एका डोळ्यानें एकाएकीं अंधुक दिसणें, हीं लक्षणें शिणाचीं नव्हेत. अशा वेळीं त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे गेलें पाहिजे.

मुलांच्या बाबतींत तर ही चूक अधिक महाग पडते. मूल पडद्याला नाक लावून बसतें म्हणून त्याला घरांत बोलणीं बसतात. तें जवळ गेल्यानें डोळे बिघडतील असें वडील समजतात. पुष्कळदां गोष्ट उलट असते. त्याला दुरून दिसतच नाहीं, म्हणून तें जवळ जातें. तेंच मूल शाळेंत फळ्यावरचें चुकीचें उतरवून घेतें, मंद ठरतें आणि हळूहळू स्वतःलाहि मंद समजूं लागतें. वेळींच मिळालेला एक चष्मा त्याचें शिक्षण वांचवूं शकतो. म्हणून पडद्याजवळ सरकणाऱ्या मुलास रागें भरण्यापूर्वीं त्याची दृष्टि तपासून घ्यावी.

दूरचें न दिसण्याचा हा दोष उद्‍भवूं नये यासाठीं मोकळ्या उजेडांत रोज सुमारें दोन तास खेळणें हितकर असतें, असें अलीकडील संशोधनानें दाखविलें आहे. पांचगणीस तें सहज साधतें. टेबललँडचें पठार त्यासाठीं पसरलेलेंच आहे. जवळच्या भिलार गांवानें तर ४ मे २०१७ पासून पुस्तकांचें गांव म्हणून नांव मिळविलें आहे. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव याहूनहि पुढें गेलें. तेथील ग्रामस्थांनीं १४ ऑगस्ट २०२२ रोजीं सभेंत ठराव केला, आणि दुसऱ्याच दिवसापासून सायंकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा झाला कीं घरोघर संच व मोबाईल बंद होऊं लागले. साडेआठच्या भोंग्यापर्यंत मुलांनीं अभ्यास करावयाचा, असा तो नेम. हा नेम अभ्यासासाठीं केलेला. पण त्यांत डोळ्यांसहि पडद्यापासून दीड तासाची सुटी मिळाली.

संच हा घरांतला पाहुणा आहे. त्याचा सत्कार करावा, पण घराची व्यवस्था त्याच्या हातीं देऊं नये. एक मंद दिवा, योग्य अंतर, सौम्य तेज आणि वर्षांतून एकदां डोळ्यांची तपासणी, एवढ्यांत कोणाचेंहि फारसें द्रव्य वेंचत नाहीं. ज्या घरांत नव्या संचासाठीं हजारों रुपये निघतात, त्या घरांत मुलाच्या चष्म्यासाठीं थोडे रुपये आणि एक सकाळ अवश्य निघावी.