सहा पत्रे
(यंदाच्या उत्सवात पाचव्या दिवशी आरतीनंतर केलेले भाषण)



विषय कळल्यावर आपल्यातल्या एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "अहो, गणपतीपुढे पाद्र्याची गोष्ट कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तंजावरात आहे. आपले दुसरे सरफोजीराजे श्वार्ट्झ नावाच्या जर्मन लुथरन पाद्र्याच्या देखरेखीखाली वाढले. राजे हिंदूच राहिले. पण १७९८ साली पाद्रीबाबा वारले तेव्हा राजांनी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये पाहायला मिळते. राजांना जे वावगे वाटले नाही ते आपल्यालाही वाटू नये. माझा आजचा पाद्रीही लुथरनच आहे.

मी मूळचा वाईचा. पसरणीचा घाट चढून पाचगणीत शिरले की सिल्व्हर ओकच्या झाडीत एक मोठे आवार लागते. गावात त्याला सगळे 'एम.आर.ए.' म्हणतात. पूर्ण नाव मॉरल री-आर्मामेंट, म्हणजे नैतिक पुनःशस्त्रीकरण. लहानपणी कुणीतरी हा अर्थ सांगितला, तेव्हापासून बरीच वर्षे मला ते लष्कराचे ठाणे वाटे. नोकरीत लागल्यावर एकदा सुट्टीत आत गेलो आणि तिथे फ्रँक बुकमन या माणसाची गोष्ट ऐकली.

बुकमन अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे. जन्म १८७८ चा. फिलाडेल्फियात ते तरुण मुलांचे एक वसतिगृह चालवत. संस्थेच्या कार्यकारी मंडळावर सहा जण होते. त्यांनी जेवणाचा खर्च कमी करायला सांगितले. बुकमनना ते मान्य नव्हते. त्यांनी राजीनामा दिला आणि मनात अढी धरून परदेशी निघून गेले. आता बघा, इथे चूक कुणाची? मुलांच्या ताटातले काढू नका म्हणणाऱ्याची तर नाहीच. आपण सगळे त्यांच्याच बाजूने उभे राहिलो असतो.

१९०८ साली इंग्लंडमध्ये केसविक गावच्या एका लहानशा चॅपेलमध्ये जेसी पेन-लुईस या बाईंचे प्रवचन ते ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानात आले, की ते सहा जण चुकले असतील, पण गेले कित्येक महिने द्वेष आपण पोसतो आहोत. तो सातवा गुन्हेगार आपण. त्यांनी त्या सहा जणांना सहा पत्रे लिहिली. तुम्ही कसे वागलात याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते, फक्त स्वतःच्या कडवटपणाबद्दल क्षमा मागितली होती. उत्तर एकाचेही आले नाही.

या सहा पत्रांतून पुढची सगळी चळवळ निघाली. तिची मापे चार: संपूर्ण प्रामाणिकपणा, संपूर्ण शुद्धता, संपूर्ण निःस्वार्थ आणि संपूर्ण प्रेम. आमच्या रुळांच्या गेजलासुद्धा थोडी कमी-जास्त सूट असते, इथे ती नाही. गलाईच्या धंद्यातल्या आपल्या विटा-खानापूरच्या मंडळींना शंभर नंबरी म्हणजे काय आणि तो आकडा गाठणे किती अवघड, हे मी सांगायला नको. पण कस लावायचा तर त्याच्याशीच लावावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे रोज पहाटे वही घेऊन शांत बसायचे आणि आतला आवाज काय सांगतो ते ऐकून लिहायचे. ज्या गावात साक्षात शंकराने पोराचा शिष्य होऊन ओंकाराचा अर्थ ऐकून घेतला, त्या गावात ऐकण्याचे महत्त्व मी काय सांगू!

बुकमन १९१५ साली हिंदुस्थानात आले, गांधीजींनाही भेटले. पुढे इंग्लंडमधल्या विद्यापीठांतले तरुण त्यांच्याभोवती जमले. १९२८ मध्ये त्यांतले काही दक्षिण आफ्रिकेत गाडीने फिरत होते. त्यांच्या राखीव डब्यांच्या खिडक्यांवर रेल्वेच्या हमालाने ओळखीसाठी 'ऑक्सफर्ड ग्रुप' असे लिहून टाकले आणि तेच नाव रूढ झाले. म्हणजे बारसे आपल्याच खात्याने केले म्हणायचे. दारू सोडवणारी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संस्था १९३५ साली सुरू झाली, तिचे दोन्ही संस्थापक याच ग्रुपमधले. आपली चूक कबूल करून भरपाई करण्याची तिची रीत इथूनच गेली. १९३८ मध्ये युरोपातले देश शस्त्रे जमवत होते, तेव्हा बुकमननी लंडनमध्ये शस्त्रांच्याच भाषेतले नाव जाहीर केले, मॉरल री-आर्मामेंट.

त्यांच्यावर टीकाही झाली आणि ती सगळीच खोटी नव्हती. १९३६ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राशी बोलताना त्यांनी, साम्यवादाला अडवणारा हिटलर निर्माण झाला म्हणून देवाचे आभार मानले. पुढे हिटलरच्याच गुप्त पोलिसांनी या ग्रुपला शत्रू ठरवले हे खरे, पण त्यामुळे ते वाक्य पुसले जात नाही. साम्यवादाच्या भीतीने भल्या माणसाचीही नजर अधू होते, एवढेच मी म्हणेन.

युद्धानंतर मात्र मोठे काम झाले. १९४६ मध्ये स्वित्झर्लंडच्या को या डोंगरगावात एक जुने हॉटेल घेऊन केंद्र उघडले. पुढच्या वर्षी तिथे मार्सेच्या इरेन लॉर आल्या. त्या समाजवादी पुढारी, नाझींविरुद्ध भूमिगत लढलेल्या. त्यांच्या मुलाला गेस्टापोने छळले होते. सभागृहात जर्मन माणसे बघून त्या सामान बांधू लागल्या. बुकमननी त्यांना एवढेच विचारले, की जर्मनांना वगळून युरोप कसा उभा करणार? बाईंना त्यानंतर झोप लागेना. शेवटी त्यांनी व्यासपीठावर जाऊन जर्मनांची क्षमा मागितली, ती आपल्या द्वेषाबद्दल. पुढे पतीला घेऊन त्या जर्मनीभर फिरल्या आणि हेच बोलल्या.

१९६१ मध्ये बुकमन वारले. त्यांच्यामागून आलेले पीटर हॉवर्ड हे इंग्रज पत्रकार १९६५ मध्येच गेले. आपल्याकडे ही धुरा राजमोहन गांधींनी उचलली. वडिलांकडून ते महात्माजींचे नातू आणि आईकडून राजाजींचे, म्हणजे निम्मे इथलेच. २ ऑक्टोबर १९६३ रोजी सोबत्यांना घेऊन ते कन्याकुमारीहून दिल्लीकडे निघाले. ही पदयात्रा नव्हती, चाकांवरची यात्रा होती. १९६४ मध्ये त्यांनी मुंबईत 'हिंमत' साप्ताहिक काढले. आणीबाणीत ते नमले नाही, १९८१ पर्यंत चालले. १९६८ च्या जानेवारीत पाचगणीच्या केंद्राचे उद्घाटन झाले. कामगार, व्यवस्थापक, सरकारी अधिकारी तिथे येऊन शेजारी शेजारी बसू लागले. २००१ पासून चळवळीचे नाव 'इनिशिएटिव्हज ऑफ चेंज' झाले. ती आता सर्वधर्मीय आहे.

आता एक खाजगी गोष्ट. सहकाऱ्यांपुढे बोलायची ठरवली होती, म्हणूनच हा विषय घेतला.

नोकरीच्या सुरुवातीला मी दुसऱ्या एका विभागात होतो. एके दिवशी तपासणीला न जाताच मी घरी बसून डायरी भरली. डायरी खरी वाटावी म्हणून लिहिले, 'कीमन बीटवर हजर नाही.' त्याच्यावर कारवाई झाली. तो सांगत राहिला, साहेब त्या दिवशी आलेच नव्हते. डिप्लोमावाल्याची डायरी खरी ठरली, हातोडीवाल्याचा शब्द खोटा. त्याची एक वेतनवाढ रोखली गेली.

पाचगणीहून परतल्यावर मी दोन पत्रे लिहिली, एक वरिष्ठांना, एक त्याला. वरिष्ठांचे पत्र अकरा दिवस खणात पडून होते, तेही सांगून टाकतो. घरी कर्जाचे हप्ते चालू होते आणि बायकोला काय सांगावे कळत नव्हते. शेवटी तीच म्हणाली, "टाकून या." मला मेमो मिळाला, माझी वेतनवाढ थांबली. त्याची त्याला थकबाकीसह मिळाली.

मी भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "साब, पैसा ठीक है. घर आके लड़के को बोलो." वडील कामचोर आहेत, असे मुलगा तीन वर्षे ऐकत आला होता.

क्वार्टरमध्ये एकच खुर्ची होती, ती त्याने मला दिली. तो भिंतीला टेकून उभा राहिला. माझ्या मोडक्या हिंदीत मी त्या दहावीतल्या मुलाला सगळे सांगितले. तो काहीच बोलला नाही. बाहेर गेला, शेजारच्या घरातून दुसरी खुर्ची आणली आणि वडिलांपुढे ठेवली.

गणपती बाप्पा मोरया!